चादर पांढरीच होती

हॉटेलातले लोक त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे बगळोबा. अंगात कायम पांढरा सदरा, लांब टांगांची चाल आणि धुतलेल्या चादरींकडे मान वाकडी करून बघायची सवय. नाव चिकटलं ते चिकटलंच. तळघरातल्या लॉन्ड्रीत चौतीस वर्षं काढून त्यांनी आजवर एकही कपडा इस्त्रीने जाळला नव्हता. हे ते कुणी न विचारता सांगत. जिन्यात सांगत, लिफ्टमध्ये सांगत, एकदा तर दातांच्या डॉक्टरला आ वासूनच सांगितलं होतं.

एका सोमवारी मॅनेजर तळघरात उतरला. तो खाली आला की वर काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांना कळायचं.

"काका, मालकांचा निरोप आहे," म्हणून त्याने मोबाइल पुढे केला.

मालक दुसऱ्या शहरात राहत आणि हॉटेलचा कारभार फोटोंवर चालवत. मॅनेजरने खोल्यांचे नवे फोटो पाठवले होते. उत्तर दोन ओळींचं होतं. चादरी मळकट दिसतात. महिनाअखेर लॉन्ड्री बंद करून धुणं बाहेर द्या.

बगळोबांनी फोटो पाहिला. चादर ओल्या सिमेंटच्या रंगाची होती.

"ही माझी नाही."

"दोनशे चार नंबरची आहे. तुमचीच आहे."

"मग वर जाऊन बघू."

वर जाऊन बघितलं. पलंगावर चादर दुधासारखी, मोबाइलमध्ये सिमेंट. दुसरा कुणी असता तर त्याने मोबाइलवर संशय घेतला असता. बगळोबांनी साबणावर घेतला. खाली नेऊन त्यांनी चादर पुन्हा उकळली. मॅनेजरने फोटो काढला, पुन्हा सिमेंट. तिसऱ्यांदा दुप्पट नीळ घातली, तेव्हा निळसर सिमेंट आलं. लॉन्ड्रीतली आठ माणसं हातातली कामं सोडून त्या एका चादरीकडे बघत उभी राहिली. महिनाअखेरीला अकरा दिवस उरले होते.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "चादर काय धुताय सारखी? त्यापेक्षा फोटो धुवा," ती म्हणाली. "माझ्या बहिणीकडे जा. ती दिवसभर पांढऱ्या पडद्यासमोर माणसं बसवते."

मेहुणीचं पासपोर्ट फोटोचं दुकान होतं. जिभेला धार अशी, की गिऱ्हाइकं आपोआप हसणं थांबवत, आणि पासपोर्टला तेच हवं असतं. बगळोबा पोचले तेव्हा स्टुलावर एक जाडजूड गृहस्थ श्वास रोखून बसले होते.

"दाजी, कॅमेरा हे गाढव आहे," गोष्ट ऐकून मेहुणी म्हणाली. "त्याला वाटतं, सगळं जग मध्यम रंगाचं असतं. काळं मांजर दाखवा, उजळवून राखाडी करतो. पांढरी चादर दाखवा, तर म्हणतो, बाप रे, केवढा हा उजेड, कमी करा! झाली राखाडी."

"म्हणजे माझी चादर फार पांढरी आहे, म्हणून मळकी दिसते?"

"हो."

"परत सांग."

तिने परत सांगितलं. बगळोबांनी तिसऱ्यांदाही सांगायला लावलं, या वेळी स्टुलावरच्या गृहस्थांकडे तोंड करून. गृहस्थ खो खो हसले. त्यांचा फोटो पुन्हा काढावा लागला.

मेहुणीने आपला जुना कॅमेरा त्यांच्या गळ्यात घातला आणि शिकवणी सुरू केली. उजेड आत येतो ते भोक, तो किती वेळ येतो ते शटर, आणि आलेल्या उजेडाला कॅमेरा किती दाद देतो ते आयएसओ.

"भोकाचा आकडा मोठा तर भोक लहान? हे कुणी ठरवलं?" बगळोबा उखडले.

"तुमचं सूत कसं हो? साठ नंबरचं चाळीसपेक्षा बारीकच ना?"

"अगं हो की!"

पुढचं त्यांना इस्त्रीवरून समजलं. इस्त्री गरम असेल तर लवकर उचलायची, कोमट असेल तर जास्त वेळ फिरवायची. भोक मोठं केलं तर शटर चटकन मिटायचं, लहान केलं तर उघडं ठेवायचं. आयएसओ म्हणजे वाफ. लागली तर घ्यावी, पण फार सोडली की कापडावर ठिपके उठतात, तसे फोटोवरही उठतात. गाढवाचं ऐकायचं नसेल, तर त्याला ढोसायला अधिक-उणेचं एक चाक होतं. अधिककडे फिरवलं की फोटो उजळ.

पुढचे चार दिवस घरात कहर झाला. बगळोबांनी मिठाचा ढीग टिपला, बेसिन टिपलं, अंडी टिपली, बायकोची नवी कवळी तिच्या तोंडात असताना आणि नसताना टिपली. सकाळी सकाळी बाथरूममधून आवाज येई, "एक शतांश! एक शतांश पुरे!" एकदा शटर इतका वेळ उघडं ठेवलं, की चालत गेलेल्या बायकोचा नुसता धूर आला.

"एवढी वर्षं संसार केला," ती म्हणाली, "आणि शेवटी माझी वाफ काढलीत."

पाचव्या दिवशी ते फोटो घेऊन दुकानात धावत आले. चादर अशी पांढरी, की डोळे दिपावेत.

"जाळलीत," मेहुणी म्हणाली.

बगळोबा मटकन स्टुलावर बसले. "काय?"

"चादर जाळलीत, दाजी. उजेड जास्त झाला. शिवण दिसत नाही, घडी दिसत नाही. कोरा कागद काढलाय तुम्ही."

चौतीस वर्षं! त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उजेडाकडे केला. घडी खरोखर गेली होती. इस्त्रीची ती सुरीसारखी रेघ, जिच्यासाठी त्यांनी तीन मदतनिसांना रडवलं होतं, ती कुठेच नव्हती.

"आणि नुसती चादरच काय दाखवता? शेजारी दुसरं पांढरं असू द्या. एकटं पांढरं कुणालाही काहीही वाटू शकतं."

शेवटच्या दिवशी दोनशे चारमध्ये सगळी लॉन्ड्री दाटीवाटीने जमली. बगळोबांनी खिडकीचा पडदा अर्धा सारला. भोक चार, शटर एक साठांश, आयएसओ चारशे. पहिला फोटो जळका आला. शटर सव्वाशेवर नेलं, चादर सिमेंटकडे झुकली. मधला एक आकडा होता, शंभर. बटण दाबलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर चादर उमटली. दुधासारखी पांढरी, आणि मधोमध घडीची रेघ.

"रेघ आली!" ते ओरडले. इस्त्रीवाल्या बाईने शिट्टी मारली.

"शेजारी दुसरं पांढरं पाहिजे," म्हणून बगळोबा उशी शोधू लागले, तोच मॅनेजर टाय सरळ करत पुढे आला.

"मी उभा राहतो ना. कोरा पांढरा शर्ट आहे. मालकांनाही दिसेल, मी जातीने लक्ष घालतोय."

बगळोबांनी मान वाकडी करून शर्टाकडे बघितलं. एकदा कॉलर, एकदा बाह्या. मग फार गोड आवाजात म्हणाले, "या साहेब. चादरीला अगदी खेटून या."

एकही आकडा न बदलता त्यांनी फोटो घेतला. मॅनेजरने तो मोबाइलवर घेऊन तिथूनच मालकांना पाठवला. उत्तर यायला सात मिनिटं लागली आणि त्या सात मिनिटांत नऊ माणसांनी एकही सुरकुती नसलेली चादर तीनदा सारखी केली.

मोबाइल वाजला. मॅनेजर मनात वाचू लागला आणि पहिल्याच ओळीला थांबला.

"मोठ्याने वाचा, साहेब," इस्त्रीवाली म्हणाली.

"'चादर उत्तम. लॉन्ड्री चालू ठेवा.'" तो घुटमळला. "'तुमचा शर्ट मात्र मळका दिसतो. कुठे धुता?'"

सगळ्यांच्या माना शर्टाकडे वाकड्या झाल्या.

"कुठे धुता, साहेब?" बगळोबांनी विचारलं.

"ते... बाहेरची जी लॉन्ड्री ठरवत होतो ना," मॅनेजर कॉलर चाचपत म्हणाला, "त्यांनी नमुना म्हणून धुऊन दिला होता."

पुढचं हसू तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेलं, असं लिफ्टवाला सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरात एक पिशवी आली. आत सहा शर्ट होते, चिठ्ठी नव्हती. बगळोबांनी वरचा शर्ट टेबलावर पसरला, गळ्यातला कॅमेरा उचलला आणि धुण्याआधीचा एक फोटो काढून ठेवला.