पाठ फिरवून उभं राहताना

निवृत्तीला आठवडा उरलाय, म्हणून आज नव्या मुलीला भोपाळच्या सर्व्हरचा पासवर्ड बदलायला सांगितला आणि नवा पासवर्ड दिसू नये म्हणून सवयीने पाठ फिरवली. खालून कचोरीचा वास आला, तसं कचोरीच्या दुकानावरचं, इंदरगंजमधलं जुनं ऑफिस आठवलं.

शिर्के सरांचा तो नोकरीतला शेवटचा दिवस. तिथे बसून भोपाळच्या सर्व्हरमध्ये शिरायची सोय त्यांनीच केली होती. "पासवर्ड बदल. पुरानी विंडो चालूच ठेव, नया पासवर्ड नहीं चला तर दोघंही सर्व्हरच्या बाहेर," म्हणाले आणि चौकाकडे तोंड करून उभे राहिले.

"झालं, सर."

ते वळलेच नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

"हो गया, मॅडम," आज मागून आवाज आला.

मीही लगेच वळले नाही.