पंखावरची सुकेळी

निवृत्त झाल्यावर मी घरामागच्या केळ्यांच्या वखारीत विमान बांधायला घेतले. दोन जणांचे, ॲल्युमिनियमचे. आमच्या निर्मळ गावात यावर पुष्कळ बोलले गेले; त्यातले येथे काही देत नाही. ते उडेल की नाही हे सरकारी परवाना आणि वारा ठरवतील. भोके जुळवणे मात्र माझ्याकडे आहे.

विमानाचा पंख म्हणजे मुख्यत्वे भोके. आतला फासळ्यांचा सांगाडा आणि वरचा पत्रा एकत्र धरून आरपार भोके पाडायची, प्रत्येक भोकात स्प्रिंगची तात्पुरती खुंटी बसवायची. मग सारे पुन्हा सोडवून भोकांच्या कडांची कूस, म्हणजे ड्रिलने उठलेली बारीक धार, काढायची, पुन्हा जोडायचे आणि कायमचे रिव्हेट ठोकायचे. भोक जुळले तर रिव्हेट घट्ट बसतो. जुळत नाही म्हणून मोठे केले, तर भोक अंडाकृती होते आणि रिव्हेट त्यात खुळखुळतो. खुळखुळणारा पंख घेऊन आकाशात जाऊ नये, असे माझे मत आहे.

डाव्या पंखाच्या वरच्या पत्र्याला माझा अख्खा पावसाळा गेला होता. तो वाया गेला असता, तर सारे पहिल्यापासून करण्याचे बळ माझ्यात उरले नव्हते. हे मी घरात बोललो नव्हतो.

पावसाळा संपल्यावर एके दिवशी दात दाखवायला वसईला गेलो. पत्र्याची कूस काढून झाली होती, त्यावरचे निळे प्लॅस्टिकही सोलून टाकले होते. तो वखारीत भिंतीला टेकवून मी निघालो. भर दुपारी परत आलो, तेव्हा पत्नी आणि तिचा धाकटा भाऊ पत्र्याची दोन टोके धरून वखारीच्या दारात उभे होते.

"भावोजी, तुमच्यासाठीच आणत होतो," मेहुणा म्हणाला.

"म्हटलं, आल्या आल्या लागेल तुम्हांला," पत्नी म्हणाली.

मदतीची ही तयारी मला संशयास्पद वाटायला हवी होती. परंतु इंजेक्शनने माझा अर्धा जबडा बधिर होता. उरलेल्या अर्ध्याने मी "ठेवा" म्हणालो.

पत्रा हाताळताना मी सुती हातमोजे घालतो. सांगाड्यावर पत्रा ठेवला आणि मधोमध खुंट्या बसवायला सुरुवात केली. मधल्या बसल्या. त्यांच्या बाजूच्या कुरकुरत बसल्या. पुढे टोकाकडे प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा थोडे अधिक सरकलेले होते. शेवटच्या भोकातून पाहिले, तर खालच्या फासळीतले भोक चंद्रकोरीएवढे दिसत होते. सोडवण्यापूर्वी तेथे पौर्णिमा होती.

मी फासळ्या तपासल्या. काटकोन पाहायला गुण्या लावला. मेहुण्याकडे पाहिले.

"मी काही केलं नाही," तो म्हणाला. मी काही विचारले नव्हते. "भावोजी, जरा जाड ड्रिल घाला आणि मोकळे व्हा. वर कोण बघायला येतंय?"

"वर आपणच असतो."

तरीही मी जाड ड्रिल यंत्राला लावले. पावसाळा डोळ्यांपुढे होता. बटणावर बोट ठेवले, तेवढ्यात टोकाच्या भोकातून एक मुंगी वर आली, थांबली आणि शेजारच्या भोकात उतरली. तिच्यामागून दुसरी. त्यांना सर्व भोके व्यवस्थित वाटत होती.

मुंगी टिपण्यासाठी मी हातमोजा काढला. बोट पत्र्याला लागले आणि चटका बसला.

"हा पत्रा कुठे होता?"

मेहुणा छपराकडे पाहू लागला.

"गच्चीवर," पत्नी म्हणाली. "उन्हात."

"कशासाठी?"

"सुकेळी घातलीत."

आमच्याकडे राजेळी केळी सोलून काही दिवस उन्हात वाळवतात. त्यांची सुकेळी होतात. पत्नीच्या माहेरची सुकेळी आगाशीच्या बाजारात नावाजलेली होती. आपली तशी होत नाहीत, हे तिचे जुने दुःख आहे.

"चटईवर खालून वारा लागत नाही, बुडं चिकट राहतात," ती म्हणाली. "तुमच्या पत्र्याला एवढी भोकं, आणि तो नुसता भिंतीला टेकून उभा! प्लॅस्टिक कधी निघतंय याचीच वाट बघत होते. खायची वस्तू प्लॅस्टिकवर कोण ठेवतं?"

"आजच ठेवला?"

"तुम्ही बँकेत गेलात तेव्हाही," मेहुणा म्हणाला.

"गप रे."

ऊन लागले की ॲल्युमिनियम वाढते. सावलीतला सांगाडा होता तेवढाच राहिला होता. यंत्रशाळेत जन्म काढलेल्या माणसाला हे सुचायला मुंगी लागली.

मी ड्रिल खाली ठेवले. "वारा घाला," म्हणालो.

पत्नीने सूप आणले. दुसऱ्या सुपात अर्धवट वाळलेली केळी होती. ती वैमानिकाच्या आसनावर ओतण्यात आली. मेहुण्याने ते सूप घेतले, मी पुठ्ठा घेतला. आम्ही तिघे पंखाभोवती उभे राहून वारा घालू लागलो. शेजारचे गृहस्थ कुंपणाशी थांबले.

"काय, ताप आला का विमानाला?"

"हो," मी म्हणालो.

"मग पट्टी ठेवा कपाळावर."

पत्नीने खरोखरच पदर भिजवून आणला. मी नको म्हणालो नाही.

थोड्या वेळाने खुंटी घेतली. टक. पुढची. टक. टोकाकडे चंद्रकोर भरत गेली. शेवटची खुंटी कोपऱ्यात बसली, तेव्हा मी आसनावर बसलो आणि लगेच उठलो.

भोकांत उतरलेला केळ्यांचा पाक दुसऱ्या दिवशी कोमट पाण्याने आणि दातांच्या जुन्या ब्रशने काढला. सुकेळी वाळून तयार झाली, तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवर पंखाच्या भोकांचे ठिपके होते, सरळ रेषेत, समान अंतरावर. मी पट्टी लावून पाहिले. मग खाऊन पाहिले. ती चिकट नव्हती.

"तुझ्या माहेरच्यासारखी झाली," मी म्हणालो.

"त्यांच्याहून चांगली," ती म्हणाली.

काल उजव्या पंखाच्या पत्र्याचीही कूस काढून झाली. आज सकाळी निळे प्लॅस्टिक मी स्वतः सोलले आणि मेहुण्याला हाक मारून पत्रा गच्चीवर चढवला. जोडणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर.