समोर पानी नाई

मुक्कामभाऊ कुठल्याही जागी डेरा टाकायच्या आधी तिथे उताणे झोपत. अंगाखाली काही नाही, हात पोटावर, डोळे वर झाडांत. शेजारी त्यांचा भुऱ्या कुत्रा उभा. भुऱ्याने स्वतःभोवती तीन गिरक्या घेऊन बसकण मारली की भाऊ उठून म्हणत, "टाका सामान." तो उभाच राहिला तर आम्ही, पाय कितीही तुटत असोत, पुढे चालू पडत असू.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी घेत नसे. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती. भामरागडकडच्या रानात झाडमोजणीचं काम होतं. बैलबंडीची वाट नाही, सगळं सामान कावडींवर. मी वर्ध्याचा, पंचविशीतला, नव्या बुटांचा साहेब. मुक्काम कुठे करायचा ते भाऊ ठरवणार आणि माझ्या नावावर कागदावर चढणार, असा आमचा कारभार होता.

पहिल्याच आठवड्यात मी एका डेरेदार अर्जुनाखाली तंबू ठोकायला सांगितलं. भाऊ म्हणाले, "साहेब, झाडाखाली काय पाहता? झाडावर पाहा." मी पाहिलं नाही. स्वयंपाक्याने चूल पेटवली, धूर वर गेला आणि आग्या माश्यांचं मोहोळ खाली आलं. सुजलेल्या तोंडाने मी दोन दिवस पेज पीत होतो. भाऊ हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "मानूस थकला का कुठीबी बसते. कुत्रा नाई बसत."

भुऱ्याला त्यांच्या बायकोने पेज पाजून वाढवलं होतं. ती तापाने गेली तेव्हा तो हातभर होता. भाऊ तिच्याविषयी कधी बोलत नसत. जेवायला बसले की पहिला घास मात्र त्याला देत आणि म्हणत, "तिचा हाये थो."

मुक्काम हलवताना त्यांची आणखी एक रीत असे. चुलीचे तीन दगड उचलायचे आणि काळी बाजू आत करून झाडाच्या बुंध्याशी रचून ठेवायचे. मागून येणाऱ्याला चूल मिळावी आणि हात काळे होऊ नयेत म्हणून. रानात असे रचलेले दगड दिसले की समजावं, भाऊ इथे राहून गेले आहेत.

तिसऱ्या हिवाळ्यात भुऱ्याचे मागचे पाय धरले. मला ते दिसलं नाही, कारण मी कुत्र्याकडे पाहतच नव्हतो. मला दिसत होतं ते एवढंच, की भाऊ भरदुपारीच थांबायला लागले. "समोर पानी नाई, साहेब. इथीच टाका डेरा." असं रोज. काम मागे पडलं. होळीच्या आत मोजणी संपवा, असं कचेरीतून खरमरीत पत्र आलं.

एका दुपारी असंच थांबल्यावर मी चिडून एकटाच पुढे गेलो. अर्ध्या कोसावर झरा होता. स्वच्छ पाणी, जांभळींची सावली, सपाट जागा. आणि एका जांभळीच्या बुंध्याशी तीन दगड, काळी बाजू आत.

परत येऊन मी सगळ्यांदेखत म्हणालो, "भाऊ, तुम्ही खोटं बोललात."

कावडीवाले खाली पाहू लागले. ज्या माणसाच्या शब्दावर वीस माणसं निर्धास्त झोपत, त्याला मी हे म्हटलं होतं.

"हो साहेब. पानी हाये," ते म्हणाले. मग हळूच, "त्याले चालनं होत नाई."

"मग सोडा त्याला एखाद्या गावात. कुत्र्यासाठी सरकारी काम थांबत नाही."

हे मीच बोललो. आज कुणी मला असं बोललं तर मी त्याचं तोंड पाहणार नाही.

भाऊंनी भुऱ्याला खांद्यावर घेतलं आणि आम्हाला त्या झऱ्यापर्यंत नेलं. उताणे झोपले. भुऱ्याने लटपटत एक गिरकी घेतली, दुसरी अर्धीच झाली आणि तो बसला. "जागा चांगली हाये, साहेब," भाऊ उठून म्हणाले, "आता मले सुटी द्या." कुत्रा पुन्हा खांद्यावर घेऊन ते आल्या वाटेने परत गेले. 'थांबा' एवढाच शब्द म्हणायचा होता. मी तंबू ठोकायला सांगितलं.

मोजणी संपवून पंधरा दिवसांनी आम्ही त्याच वाटेने परतलो. झऱ्यापासून अर्ध्या कोसावर, त्या दुपारी थांबलो होतो त्या जागी धोंड्यांचा लहानसा ढीग होता, त्यावर वाळलेली भाताची शितं. शेजारी चूल तशीच मांडलेली, राखेसकट. दगड रचलेले नव्हते. मी ते उचलून झाडाशी ठेवले. हात काळे झाले. भाऊंच्या गावी दोनदा माणूस पाठवला, पण ते तिथे परतले नव्हते. पुढे ते कुणालाच दिसले नाहीत.

आता माझे गुडघे गेले आहेत. संध्याकाळी मुलगी हात धरून फिरायला नेते. कोपऱ्यावरच्या बाकाशी आलो की माझ्या पायांकडे एकदा पाहते आणि म्हणते, "बाबा, समोर काही नाही. इथेच बसू."

समोर तळं आहे, हे मला ठाऊक आहे. मी बसतो.