जांभळ्या पट्टीचा लाल्या

दादाच्या छातीत कधीपासून दुखत होतं? मी डॉक्टरांना विचारलं, बाबांना विचारलं, बाबुराव काकांना विचारलं. कोणीच सांगितलं नाही. त्याऐवजी सगळे किस्से सांगतात. माणूस गेला की दारात आधी चपला जमतात, मग घरात किस्से. बसायला आलेला प्रत्येक जण एक ठेवून जातो. वीस दिवस झाले, चपला कमी झाल्या. किस्से आहेत तिथंच आहेत.

माझा दादा, मनोहर, जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. मी सातवी नापास, फर्निचरच्या दुकानात पॉलिश मारतो. सुट्टी असली की त्याच्याजवळ जाऊन बसायचो.

माझ्यावरही एक किस्सा झाला आहे. सख्ख्या भावाला यानं खांदा दिला नाही, असं वस्तीत बोलतात. तोही सांगतो, पण आधी बाकीचे.

*

दवाखान्यात कडुनिंबाखाली रांग लागायची. बकऱ्या, म्हशी, दोराला बांधलेले कुत्रे, सगळे एकाच रांगेत. काही कुत्रे वाईट नसतात, घाबरलेले असतात. कोणी अंगाजवळ आलं की चावतात. दादानं ठरवलं, अशा कुत्र्याच्या दोराला एक पट्टी बांधायची. दिसली की लोकांनी लांब राहायचं.

पण रंग कोणता? भगवी बांधली तर एक जण भांडेल, हिरवी बांधली तर दुसरा. निळीचं नाव काढताच बाबा म्हणाले, "आपल्या झेंड्याचा रंग कुत्र्याच्या दोराले?" पांढरी तर सगळ्याच जखमांवर.

दादानं आठ दिवस विचार केला. मग जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधात एक पट्टी बुडवली आणि वाळत घातली.

बाबुराव काका, म्हणजे दवाखान्याचे शिपाई, पट्टीकडे पाहून म्हणाले, "बरं झालं गा! या रंगाचा अजून कोणी पुढारी नाही!"

*

पट्टीचा अर्थ लोकांना कळेना. मी म्हटलं, पाटी लावू. दादा हो म्हणायच्या आतच मी दुकानातून पत्र्याचा तुकडा आणला आणि लिहिलं: या कुत्र्याच्या जवळ येऊ नका. पत्रा छोटा, म्हणून अक्षरं मुंगीएवढी. पत्रा पट्टीशेजारी टांगला.

पहिल्याच दिवशी एक म्हातारे मास्तर आले. चष्मा वर केला, खाली केला, अक्षर लागेना. मग वाकले आणि पत्र्याला नाक लावून वाचू लागले. 'येऊ नका'पर्यंत पोचले असतील नसतील, धोतराचा सोगा कुत्र्याच्या तोंडात!

दादानं त्यांना बसवलं, पाणी दिलं. पत्रा काढून माझ्या हातात दिला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "जे लांबून दिसत नाही, ते लांब राहा कसं सांगन गा?"

*

नंदनवन भागातली एक बाई होती. तिचा कुत्रा म्हणजे गादीचा लोड. कोणी पाय दिला तरी उठायचा नाही. एक दिवस त्याच्या दोराला जांभळी पट्टी! दादा गोंधळला. त्यानं तर बांधली नव्हती.

बाईनं घरी शाईत बुडवून आणली होती. तिनं पाहिलं होतं, पट्टीवाला कुत्रा आला की लोक बाजूला होतात. तिला वाटलं, पट्टीवाल्यांचा नंबर आधी लागतो.

दादा म्हणाला, "बाई, याले जागा नाही पायजे. याले जेवण कमी पायजे."

*

एक साहेब यायचे, मोठा अल्सेशियन घेऊन. "आमच्या कुत्र्याला पट्टी नको, तो सभ्य आहे." खरंच सभ्य होता. साहेबच ओरडायचे. बकरीवाल्यावर, बाबुराव काकांवर, पावसावरसुद्धा.

एक दिवस कुत्र्याचं इंजेक्शन झालं. तेवढ्या वेळात दादानं साहेबांच्या छत्रीच्या दांडीला जांभळी पट्टी बांधून टाकली. साहेब फाटकापर्यंत गेले, सगळी रांग चुपचाप दोन पावलं मागं सरली!

बाबुराव काका हा किस्सा सांगायला दोनदा घरी आले. दुसऱ्यांदा सांगताना अर्ध्यातच रडायला लागले.

*

आता लाल्या. तांबडा, कान फाटलेला. एका सकाळी दवाखान्याच्या फाटकाला कोणीतरी बांधून गेलं होतं. कोणी म्हणे कोराडीकडच्या ट्रकवाल्यानं सोडला. जवळ गेलं की अंग चोरून थरथरायचा, आणि मग सरळ दात. दादानं त्याच्या दोराला पट्टी बांधली आणि संध्याकाळी घरी आणला.

मी अंगणातच होतो. धावत गेलो आणि डोक्यावर हात ठेवला. मनगटात दात रुतले.

दादानं साबणानं हात धुतला, खूप वेळ धुतला. मग विचारलं, "पट्टी दिसली नाही का तुले?"

मी म्हटलं, "दिसली. पण मले वाटलं, ते बाकीच्यांसाठी हाये!"

चौदा इंजेक्शनं झाली, पोटात. चौदा दिवस दादानं मला सायकलवर डबलसीट नेलं. परतताना रोज विचारायचा, "दुखून राहिलं का?" मी रोज हो म्हणायचो. त्याला मात्र मी कधी विचारलं नाही.

*

मग दादानं मला शिकवलं. लाल्यापासून लांब बसायचं, पाठ करून. बघायचं नाही, बोलवायचं नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तो सांगन."

माझ्यासारख्याला गप्प बसणं म्हणजे शिक्षा. तरी तीन महिने बसलो. एका दुपारी माझ्या पाठीला काहीतरी ओलं लागलं. त्याचं नाक. दादा दारातून हातानंच म्हणाला, हलू नको.

तेव्हापासून लाल्याचा दोर दोघांच्याच हातात जायचा. दादाच्या आणि माझ्या.

*

दादानं त्या सकाळी दवाखान्यात सायकल स्टँडवर लावली आणि तिथंच खाली बसला. एकतीस वर्षांचा होता.

दुपारपर्यंत अंगणात शंभर माणसं. लाल्या कोपऱ्यात बांधलेला, पट्टी होती, पण त्या दिवशी पट्टी कोण बघतो? रडणारे त्याच्या अंगावर पाय देत होते. तो भिंतीत घुसायला बघत होता. ओठ वर गेले, दात दिसले. कोणीतरी ओरडलं, "अरे, त्या कुत्र्याले हाणा!" एकानं सरपणातलं लाकूड उचललं.

मी दोर सोडला आणि हाताला गुंडाळला.

तिरडी उचलायची वेळ झाली. बाबांनी हाक मारली, "ये गा, पुढं हो. खांदा दे."

माझ्याशिवाय तो दोर धरणारं आता कोणी नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही चला. मी मागून येतो."

सगळ्यांच्या मागं, लांब, मी आणि लाल्या. मागची माणसं वळून बघायची. एक जण मोठ्यानं म्हणाला, "भाऊ हाये का वैरी? मयतीत कुत्रा फिरवून राहिला!" दुसरा एखादा दिवस असता तर मी त्याची कॉलर धरली असती. तेव्हा खाली बघून चालत राहिलो.

वळणावर खांदे बदलायला तिरडी खाली ठेवली. मी थांबलो. लाल्याही थांबला. बाबांनी मागं वळून पाहिलं. माझ्याकडे, दोराकडे, पुन्हा माझ्याकडे. मग त्यांनी दोन्ही हात पसरले आणि लोकांना म्हणाले, "सरका. सगळे सरका. तिकडे, झाडाखाली जा."

"काहून गा?" कोणीतरी विचारलं.

"सरका म्हणतो ना!"

शंभर माणसं रस्ता सोडून झाडाखाली गेली. बाबाही गेले. रस्त्यावर एकटा दादा.

मी लाल्याला घेऊन पुढं गेलो. त्यानं दादाचे पाय हुंगले, हात हुंगला. मग तिरडीकडे पाठ करून बसला. मीही बसलो.

दादाच्या पायावरचं कापड सरकलं होतं. ते मी नीट केलं. मग उठलो, लाल्याला घेऊन मागं चालत गेलो, आणि पुरेसा लांब गेल्यावर हात वर केला.

तेव्हा त्यांनी दादाला उचललं.