हात लावू नका

बेळगावहून डिप्लोमा घेऊन मी बंगळूरला आलो तो टूलरूमसाठी. पन्नासचं दशक सरत आलं होतं. तिथल्या एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे नि हत्यारं घडवणाऱ्या खात्यात, परदेशातून आणलेली यंत्रं होती आणि त्यातल्या एकावर आपण काम करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. राहायला यशवंतपूरला, अक्काच्या घरी. भावाचे कपडे आता तेलकट होणार म्हणून तिनं धुण्याच्या साबणाची एक दणकट वडी आधीच आणून ठेवली होती.

पण यंत्राआधी प्रशिक्षण. नव्या लोकांना रांगेनं एकेका खात्यातून फिरवायचं, सगळं दाखवायचं आणि काहीही करू द्यायचं नाही, अशी तिथली पद्धत. फिरवणारे साहेब लष्करातून निवृत्त झालेले. प्रत्येक यंत्रापाशी थांबून ते इंग्रजीत तोफा डागत आणि शेवट ठरलेला, हात लावू नका. लेथपाशी तेच, भट्टीपाशी तेच. एकदा तर कँटीनमधल्या सांबाराच्या पातेल्यापाशीही तेच म्हणाले!

आमच्यातले निम्मे तुमकूरकडच्या खेड्यांतले, काही निपाणीकडचे. कुणाला ओ की ठो कळत नव्हतं. मला ते बघवेना. साहेबांचं बोलणं मी आधी कानडीत, मग मराठीत सांगू लागलो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण साहेबांनी एक वाक्य टाकलं की मी दहा टाकायचो. यंत्रावर चढवलेला लोखंडाचा तुकडा नीट आवळला नाही तर तो उडून कुणाच्या कपाळात बसतं, हे साभिनय दाखवायचो. लोक हसायचे, लक्षात ठेवायचे. साहेब खूश. नसती उठाठेव म्हणतात ती हीच.

अक्कानं ऐकून कपाळाला हात लावला. "स्वल्प गप्प बसायला काय होतंय रे तुला? एवढा उपयोगी पडलास तर सोडतील काय ते तुला?"

मी हसण्यावारी नेलं. कारण टूलरूमच्या म्हाताऱ्या फोरमननं मला हेरलं होतं. मला बाजूला घेऊन तो कानडीत म्हणाला होता, "तुझ्यासाठी मी शब्द टाकलाय." त्या दिवशी घरापर्यंत माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

नेमणुकीच्या दिवशी एकेकाला खातं मिळत गेलं. ज्यांना मीच सगळं समजावलं होतं, ते यंत्रांवर गेले. मी शेवटचा. साहेबांनी प्रेमानं खांद्यावर हात ठेवला. "टूलरूमनं तुला मागितलं होतं, पण मी सोडलं नाही. तू माझ्याच प्रशिक्षण विभागात, कायमचा." आणि मी त्यांचे आभार मानले! अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

अक्का आता 'सांगितलं होतं की' म्हणणार, या तयारीनं मी घरी गेलो. तिनं साबणाची ती वडी काढली आणि मुलांच्या शाळेच्या कपड्यांना घासू लागली. तेव्हा मात्र मला रडू आलं.

सोमवारी नवी तुकडी आली. साहेबांच्या मागोमाग मी तिला घेऊन टूलरूममध्ये शिरलो. फोरमननं मान दुसरीकडे वळवली. रांगेतल्या एकानं न राहवून एका यंत्राच्या चाकावर हळूच बोटं टेकवली. त्याला काय वाटत असेल, हे त्या कारखान्यात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हात लावू नका!" मी खेकसलो. आधी कानडीत, मग मराठीत, आणि साहेब ऐकत होते म्हणून इंग्रजीतही.