एका फळीवरची चार चित्रं

आमच्या ह्यांना सगळी गल्ली पेंटर म्हणते. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात ह्यांची हयात गेली. अक्षर असं, की चष्मा विसरून आलेल्या माणसालाही रस्त्यापलीकडून वाचता यावं. पुढे यंत्रावर छापलेले फलक आले आणि ह्यांचे ब्रश डब्यात वाळायला लागले. घरी बसून करायचं काय, म्हणून हे माझ्या स्वयंपाकात लुडबुड करायला लागले. मी औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून यायची आणि घरी आल्यावर मीठ नेहमीच्या जागी सापडायचं नाही.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या शाळेला चित्रकलेचा मास्तर हवा होता. मोठ्या बाई म्हणाल्या, "पेंटर, हात चांगला आहे तुमचा. कला महाविद्यालयाचं प्रमाणपत्र तेवढं आणा, जागा तुमची." म्हणून हे पन्नाशीत संध्याकाळच्या वर्गाला जायला लागले. पहिल्या दिवशी शर्टाला इस्त्री मीच करून दिली.

त्या कॉलेजची तऱ्हा वेगळी. शेवटी एक मोठा पेपर, असला प्रकार नाही. प्रत्येकाने पोर्टफोलिओ ठेवायचा. हे त्याला फाइलच म्हणतात. काय काय शिकायचं ते कॉलेजने आधीच सांगितलेलं: नीट बघायला शिकणं, उजेड-सावली पकडणं आणि स्वतःच्या कामाबद्दल स्वतःच्या शब्दांत सांगता येणं. दर सत्राच्या शेवटी एकाच विषयाचं नवं चित्र फाइलमध्ये ठेवायचं, सोबत एक पान लिहायचं, की या सत्रात मी काय शिकलो. दोन वर्षांनी सगळी चित्रं शेजारी शेजारी मांडली, की माणूस कुठून कुठे आला ते दिसतं.

ह्यांनी विषय निवडला तो मी. फुकट आणि घरचीच.

पहिल्या सत्रात मी विचारलं, "बसू का समोर?" तर म्हणाले, "तू तुझं काम कर. तुझं तोंड मला पाठ आहे." पुढच्या सत्रापासून मात्र खिडकीशी स्टुलावर बसायची सक्ती झाली. आधी थोडा वेळ, मग बराच. मान हलवली की ओरडा. माझं दूध कितीदा उतू गेलं त्याला गणती नाही. शेवटच्या सत्रात तर हे ब्रश हातात धरून नुसतेच बघत बसायचे. मी म्हणायची, "अहो, रंगवताय की माझी चौकशी चाललीय?"

शेवटचं चित्र झालं तेव्हा मात्र मी उठून समोर जाऊन बघितलं. मी होते ती. थकलेली, जरा वैतागलेली, पण मीच.

फाइल तपासायच्या दिवशी हे नीटनेटके होऊन गेले आणि पडलेल्या तोंडाने परत आले. चहाला हात लावेनात. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं.

जुने सर दर सत्राला चित्र बघून सही करायचे, त्यांची बदली झालेली. नव्या मॅडमनी फाइल उघडली, तर आत माझ्या चित्राची एकच फळी.

"बाकीची चित्रं?" मॅडमनी विचारलं.

"ह्याच्याच खाली आहेत," हे म्हणाले.

मॅडमनी फळी उचलून खाली टेबल बघितलं.

आता यात ह्यांच्या मते चूक काहीच नव्हती. पाट्यांच्या धंद्यात चांगली फळी कुणी टाकत नाही. किराणा गेला, सलून आलं, की जुन्या पाटीवर पांढरं अस्तर मारायचं आणि वर नवं रंगवायचं. ह्यांनी दर सत्राला तेच केलं. सही झाली, की माझ्यावर अस्तर आणि वर पुन्हा मी. फोटो काढून ठेवावेत तर ह्यांचा फोन बटणांचा आणि मला कुणी सांगितलं नाही.

लिहायच्या पानांची आणखी मजा. "निरीक्षण सुधारले." "छायाप्रकाश उत्तम." टपोरी अक्षरं, खाली लाल सावली. मॅडम म्हणाल्या, "काका, ही तर जाहिरात झाली. शेवटचं चित्र सुंदर आहे. पण तुम्ही कुठे पोचलात एवढंच बघून मला पास करता येत नाही. कुठून निघालात तेही दिसायला हवं." सोमवारपर्यंतची मुदत दिली.

मला मॅडमचा राग आला, मग ह्यांचा आला, आणि ह्यांचा जास्त आला. शाळेची जागा हातची जाणार होती. मी म्हटलं, "तीन वाईट चित्रं काढा आणि ठेवा फाइलमध्ये. वाईट काढायला काय लागतं?"

ह्यांनी खरंच करून बघितलं. डोळा मुद्दाम चुकीचा काढायला घेतला आणि तो बरोबरच यायला लागला. ब्रश खाली ठेवून म्हणाले, "आता नाही जमत. हात ऐकत नाही."

मग दोघांचीही नजर त्या फळीकडे गेली; खालची तिन्ही चित्रं अजून तिथेच होती. ह्यांच्या मनात काय आहे ते मला कळत होतं. शेवटी मीच म्हटलं, "खरवडा."

"तुझ्या तोंडावर खरवडायची पट्टी चालवू?"

"माझं तोंड इथे आहे. ती फळी आहे."

"असं पुन्हा जमणार नाही मला."

"शाळेत लागलात की जमेल. नाही लागलात तर मीठ शोधत बसेन मी जन्मभर."

सोमवारी रजा टाकून मीही गेले. जे करायचं ते मॅडमच्या डोळ्यांदेखत, असं ह्यांचं म्हणणं. चेहऱ्याची उजवी बाजू तशीच ठेवून ह्यांनी डावीकडे रंग उतरवायचं औषध लावलं. थांबले. मग पट्टी घातली. मी म्हटलं होतं खरं, की ती फळी आहे, पण माझा गाल सालीसारखा निघाला तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं. ह्यांचा हात मात्र स्थिर होता. पांढरं अस्तर आलं की थांबायचं, तेवढ्या पट्ट्यातलं अस्तर उतरवायचं, की आधीची मी. त्याच्या डावीकडे आणखी खोल, त्याच्या आधीची. कानाशी सगळ्यात पहिली.

मॅडम पुढे वाकल्या. मीही वाकले. पहिली जी होती ती कोण होती देव जाणे. पापणीचं लांब टोक, कानावर कुरळी बट, मऊ गुलाबी गाल. साबणाच्या पाटीवरची बाई. तिच्या शेजारच्या पट्ट्यात गाल जरा बसला होता. पुढच्यात डोळ्याखाली काळं आलं होतं. आणि उजवीकडे उरली होती ती मी, भुवईवरच्या भाजल्याच्या खुणेसकट. म्हणजे ह्यांची प्रगती होत गेली तशी मी म्हातारी होत गेले.

"काका, आता सांगा," मॅडम म्हणाल्या, "काय शिकलात?"

हे पट्टी पुसत राहिले. मला वाटलं, आता पुन्हा लाल सावलीतलं काहीतरी येणार.

"पहिल्यांदा मी एक बाई काढली," हे म्हणाले. "मला वाटायचं हिचं तोंड पाठ आहे. मग समोर बसवलं. तेव्हा कळलं, मी हिला बघितलंच नव्हतं."

"हेच लिहा," मॅडम म्हणाल्या.

ह्यांनी साध्या पेनाने लिहिलं. पाटी सोडून लिहिलेलं ह्यांचं अक्षर इतकं वाकडंतिकडं आहे हे मला तेव्हा कळलं. मॅडमनी वाचलं, खाली सही केली आणि "उत्तीर्ण" असा शेरा दिला.

परतताना फळी आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरली होती, ओला रंग कुठे लागू नये म्हणून. डोळे पाणावले होते ते मी औषधाच्या वासावर ढकललं. रस्त्यात मी विचारलं, "मग इतकी वर्षं कुणाकडे बघत होतात?"

"पाट्यांकडे," हे म्हणाले.