फक्कीने आखलेला दवाखाना

एकोणीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या सहीखाली इमारती काढल्या. मायदेशातली आर्किटेक्टची पदवी इथे परदेशात कोणी विचारेना, म्हणून ड्राफ्ट्समनच्या टेबलाशी बसली. दोन शाळा, एक वाचनालय, एक पोस्ट. राबली ही, फलकावर नाव भलत्याचंच. कचेरीत तिला तोंडावर ‘पट्टी’ म्हणत, रेघा ओढण्यापुरती म्हणून. ती ऐकून घेई, विसरत नसे. चाळिशी उलटल्यावर परीक्षा देऊन परवाना मिळवला, आणि सरकारी दवाखान्याचा नकाशा पहिल्यांदा तिच्या सहीने मंजूर झाला.

तिची एक रीत होती. पाया खणण्याआधी मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीने अख्खी इमारत खऱ्या मापात आखायची आणि तिच्यातून चालून बघायचं. त्या दिवशी जुन्या दवाखान्यातल्या सफाईवाल्या मावशी मागोमाग चालत होत्या.

“हे काय, बाई?”

“बसायची जागा. साठ पेशंट, साठ खुर्च्या.”

“आणि बरोबरचे काय पेशंटच्या डोक्यावर बसणार? तापलेलं पोर घेऊन आई येते, आईवर नजर ठेवायला सासू येते. इथं एकटं येतं कोण?”

 या परक्या देशात प्रत्येक कचेरीच्या दारात ती एकटीच उभी राहिली होती. खुर्च्याही तिने तशाच मोजल्या होत्या.

तिने बदल सुचवताच कचेरीतले मोठे साहेब वैतागले. “मंजूर नकाशा बदलायचा म्हणजे पुन्हा समिती. तिथे चूक कबूल केलीत की सही गेलीच समजा. नंतर व्हरांड्यात चार बाकडी टाकू.”

“तोवर म्हाताऱ्या उभ्या?”

“तुम्हाला नाव हवंय की म्हाताऱ्या?”

घरी नवरा म्हणाला, “तोंडाशी आलेला घास आहे. बघ बाई.”

“घशात अडकला तर पाणी तूच आणशील.”

समितीपुढे तिने सांगून टाकलं, “चूक माझी. अधिकाऱ्यांची बैठकीची खोली काढा, बसायची जागा दुप्पट करा.” खोलीचं ऐकून समितीतल्या दोघांची तोंडं वाकडी झाली. बदल मंजूर झाला, पण अट पडली: नव्या नकाशावर सही साहेबांची.

दवाखाना उभा राहिला. लांब बाकडी, टेकायला भिंत, पोरं निजवायला रुंद कट्टा. उद्घाटनाला ती गेली नाही; राग होता आणि तो तिने लपवलाही नाही. सोमवारी मात्र जाऊन मोजलं. पेशंट एक्केचाळीस, सगळी मिळून माणसं एकशे चौदा, उभं कोणी नाही.

त्याच आठवड्यात तिने न्यायालयाच्या इमारतीसाठी अर्ज टाकला. ‘आधी केलेलं काम’ या रकान्यात दवाखाना लिहिला. सही कोणाची, हे अर्जात विचारलंच नव्हतं.